कागद त्यांनी हरवला, शपथ तिने का घ्यायची?

प्रवेशाच्या फाईलमधला कागद सापडेनासा झाला की कचेरीतलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "तुम्ही दिलाच नसेल." समोर उभं असलेलं पोर अठरा-एकोणीस वर्षांचं असतं. ते आधी गोंधळतं, मग स्वतःवरच शंका घेतं, पिशवीतले सगळे कागद पुन्हा काउंटरवर काढून बघतं. त्या क्षणापासून कागद शोधायचं काम त्याचं, नवा मिळवायचा खर्च त्याचा, आणि आपण तो दिला होता हे सिद्ध करायची जबाबदारीही त्याचीच. गिरणीत दळणाचा डबा ठेवला आणि तो हरवला, तर गिरणीवाला 'तुम्ही आणलाच नसेल' म्हणत नाही. म्हटलंच तर गावात त्याच्याकडे दुसऱ्या दिवशी दळण येत नाही. विद्यापीठं आणि कॉलेजं मात्र हे वाक्य बिनदिक्कत म्हणतात आणि आपण ते ऐकून घेतो. या ऐकून घेण्याविरुद्ध मला लिहायचं आहे. ज्याने कागद ताब्यात घेतला त्यानेच तो सांभाळायचा, हरवला तर त्यानेच शोधायचा, आणि सापडला नाही तर नवा करून देण्याचा भारही त्यानेच उचलायचा. शिकलेल्या समाजात हे वेगळं सांगावं लागू नये, पण लागतं.

घोडेगावात हा विषय जास्त टोचतो. आंबेगाव तालुक्याची मोठी बाजारपेठ मंचरला, पण तालुक्याचं ठिकाण घोडेगाव. तहसील कचेरी इथे, पंचायत समिती इथे, एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय इथे. आहुपे, तिरपाड, असाणे, फुलवडे, जांभोरी, तळेघर या पट्ट्यातली माणसं कागदासाठी इथे उतरतात. बारावीचा निकाल लागला की कचेरीच्या आवारात प्लॅस्टिकच्या पिशव्या घेतलेली पोरं आणि त्यांच्यासोबत आलेले आईबाप दिसू लागतात. भाताच्या रोपांची कामं अंगावर आलेली असतात, हिरड्याचे थोडे पैसे गाठीला असतात, आणि त्या पैशांतला एक भाग एसटीच्या तिकिटावर, झेरॉक्सवर आणि टायपिंगवर जातो. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून, जातीचा दाखला मंचरच्या प्रांत कार्यालयातून, जात वैधता प्रमाणपत्र पुण्याच्या पडताळणी समितीकडून, शाळा सोडल्याचा दाखला आश्रमशाळेतून. एकेका कागदामागे एकेक दिवस बुडालेली मजुरी असते. शहरातल्या कॉलेजच्या खिडकीवर हाच गठ्ठा आत सरकवला जातो आणि आतला माणूस तो न बघता बाजूच्या ढिगावर ठेवतो. दोन्ही माणसांच्या हातात तोच कागद असतो, पण त्याचं मोल दोघांना सारखं ठाऊक नसतं.

डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या एका गावातल्या मुलीबरोबर मी हा फेरा जवळून पाहिला आहे. घरातली बारावीच्या पुढे गेलेली ती पहिली. शहरातल्या एका कॉलेजात तिने बी.एस्सी.ला प्रवेश घेतला, फॉर्म भरला, मूळ शाळा सोडल्याचा दाखला जमा केला, वर्ग सुरू झाले, परीक्षाही दिली. निकालाच्या वेळी तिच्या नावापुढे गुणांऐवजी शेरा आला: निकाल राखीव. कारण विचारल्यावर कळलं की तिची 'पात्रता' झालेली नाही. हा शब्द बाहेरच्या माणसाला चकवतो. मुलगी शिकायला पात्र आहे की नाही असा त्याचा अर्थ नसतो. प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याचे आधीचे दाखले तपासून विद्यापीठ त्याची कायमची नोंद करतं, त्या तपासणीला कचेरीच्या भाषेत पात्रता म्हणतात. अर्ज विद्यार्थ्याने कॉलेजकडे द्यायचा, कॉलेजने विद्यापीठाकडे पाठवायचा. मधल्या प्रवासावर विद्यार्थ्याचं काहीच नियंत्रण नसतं.

कॉलेज म्हणालं, आम्ही पाठवलं. विद्यापीठ म्हणालं, आमच्याकडे आलं नाही. कॉलेजच्या जावक रजिस्टरमधली नोंद दाखवा असा आग्रह धरला तेव्हा बऱ्याच वेळाने ते जाडजूड रजिस्टर समोर आलं. त्यात एका ओळीत लिहिलं होतं: 'पात्रता अर्ज, एक गठ्ठा.' किती अर्ज, कोणाचे, सोबत काय काय जोडलं, याची यादी नाही. गठ्ठा ज्याने घेतला त्याची सहीही नाही. कित्येक मुलामुलींचं वर्ष त्या तीन-चार शब्दांवर उभं होतं. गठ्ठा वाटेत कुठे सुटला, दुसऱ्या टेबलावर गेला की कॉलेजच्याच कपाटात राहिला, हे आजपर्यंत कोणी सांगू शकलेलं नाही. विद्यापीठाच्या आवक विभागात गेलो तर तिथे तीच भाषा: नाव नाही, नंबर सांगा. नंबर तर कॉलेजने दिलाच नव्हता.

मग सुचवलं गेलं की शाळेतून दाखल्याची दुसरी प्रत आणा. शाळा म्हणाली, दुसरी प्रत हवी तर पोलीस ठाण्यात दाखला हरवल्याची नोंद करा आणि प्रतिज्ञापत्र आणा. शाळेचंही चुकलं नाही. एकाच दाखल्यावर दोन ठिकाणी प्रवेश घेतला जाऊ नये म्हणून ही काळजी असते. मुलगी टायपिस्टकडे बसली. मजकूर तयारच होता, फक्त नाव आणि गाव भरायचं होतं. 'सदर दाखला प्रवासात माझ्याकडून गहाळ झाला आहे.' ती थांबली. म्हणाली, "काका, माझ्याकडून नाही हरवला. कॉलेजात दिला होता." टायपिस्ट भला माणूस होता, वाईट हेतूने काहीच बोलला नाही. "ताई, मजकूर हाच असतो. असंच लिहावं लागतं, नाहीतर घेणार नाहीत." तिने सही केली. तिचा निकाल पुढे लागला, पण तोवर शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत टळून गेली होती.

मला या सगळ्या प्रकारातली सर्वांत गंभीर गोष्ट ती सही वाटते. पैसे गेले, वेळ गेला, ते भरून काढता येईल. पण एका मुलीने आयुष्यातली पहिली शपथ घेतली ती खोटी, आणि ती घ्यायला लावणारी शिक्षणसंस्था. खोटी शपथ घेणं कायद्याने गुन्हा आहे हे तिला नागरिकशास्त्रात शिकवलं गेलं असेल. प्रत्यक्षात तिला हे शिकवलं गेलं की मोठ्या संस्थेची चूक लहान माणसाने आपल्या नावावर घेतली की काम पुढे सरकतं. पुढे ती शिक्षिका होईल, तलाठी होईल, नर्स होईल, तेव्हा हा धडा तिच्याबरोबर जाईल. प्रामाणिकपणाचे सुविचार फळ्यावर लिहिणाऱ्या संस्थांनी या एका कागदाचा विचार करावा.

आदिवासी मुलांच्या बाबतीत हरवलेल्या कागदाचं वजन आणखी वाढतं. त्याला कारण आहे. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने माधुरी पाटील खटल्यात निकाल दिला. महादेव कोळी असल्याचा दावा करून वैद्यकीय प्रवेश घेतल्याचं ते प्रकरण होतं. खऱ्या आदिवासींच्या जागा दुसऱ्यांनी बळकावू नयेत म्हणून न्यायालयाने पडताळणी समित्या, दक्षता पथक, घरी जाऊन चौकशी अशी सगळी पद्धत घालून दिली. महाराष्ट्राने पुढे त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. ही काळजी आवश्यकच होती. बोगस दाखल्यांनी आंबेगाव-जुन्नरच्या खऱ्या महादेव कोळी आणि ठाकर मुलांच्या ताटातलं काढून घेतलं आहे. पण त्याची किंमत खऱ्या आदिवासीलाच पुराव्याच्या रूपाने मोजावी लागते. वडिलांचा, आजोबांचा, पणजोबांचा शाळेतला उतारा शोधायचा, जुन्या जन्म-मृत्यू नोंदी काढायच्या, मोडीतली नोंद असली तर ती वाचून घ्यायची, वंशावळ करायची. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की रूढी-परंपरांची आप्तभाव चाचणी ही एकमेव कसोटी नव्हे, आणि स्वातंत्र्यपूर्व काळातल्या कागदांना मोठं वजन आहे. न्यायाच्या दृष्टीने हे योग्यच. त्याचा अर्थ असाही होतो की जुना कागद हा या कुटुंबाचा ठेवा आहे. तो कॉलेजच्या टेबलावरून नाहीसा झाला तर दुसरी प्रत आणायला जायचं कुठे?

कारण या तालुक्यात कागदांनी बरंच सोसलं आहे. ज्या गावाच्या नावाने तालुका ओळखला जातो ते मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. धरणात गेलेल्या गावांची माणसं विखुरली. त्यांच्या आजोबांच्या नोंदी कोणत्या शाळेत, कोणत्या दप्तरात आहेत हे शोधणं हाच एक उद्योग होऊन बसतो. ३० जुलै २०१४ ला माळीणवर डोंगर कोसळला, दीडशेहून अधिक माणसं गेली, घरंच्या घरं चिखलाखाली गेली आणि पेटीतले कागदही गेले. तिथे निसर्गाने नेलं आणि नव्याने कागद देणं हे सरकारचं काम आहे हे कुणालाही पटवून द्यावं लागलं नाही. मग सरकारी अनुदानावर चालणाऱ्या संस्थेच्या कपाटातून कागद गेला तर तेच काम मुलाच्या आईबापाचं कसं होतं?

मागच्या काळात गेलो तर पुणे जिल्ह्याने या प्रश्नाचं उत्तर फार पूर्वी शोधलेलं दिसतं. १८७५ च्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर चालून गेले. पुढे पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावोगाव हे लोण पसरलं. त्या लोकांनी माणसं फारशी मारली नाहीत. त्यांनी खतं, रोखे आणि हुकूमनामे हिसकावले आणि जाळले. याच दशकात आपल्या जांभोरीच्या होन्या केंगलेने डोंगरातल्या कोळ्यांना घेऊन सावकारांविरुद्ध बंड केलं होतं. या माणसांचा राग कागदावर का होता? कारण कागद एकाच बाजूच्या हातात होता. कर्ज फेडलं तरी सावकार पावती देत नसे. पुढे तोच रोखा कोर्टात येई आणि फेडलेलं कर्ज पुन्हा फेडावं लागे. शेतकऱ्याने फेडलं होतं हे सिद्ध करायचं तर त्याच्याकडे काय होतं? "तू दिलंच नसशील" हे वाक्य त्या काळीही होतं.

दंग्यांच्या चौकशीनंतर इंग्रज सरकारने १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यातलं एक कलम मला फार महत्त्वाचं वाटतं. शेतकऱ्याने कर्जापोटी पैसे दिले की घेणाऱ्याने त्याच क्षणी लेखी पावती द्यायची. शेतकरी ती मागो वा न मागो. वर्षाचा हिशेब द्यायचा, पासबुक द्यायचं, न देणाऱ्याला दंड. 'मागो वा न मागो' यात सगळं आलं. अडाणी, दबलेला, घाबरलेला माणूस पावती मागणार नाही हे त्या कायद्याने ओळखलं होतं आणि म्हणून मागण्याची जबाबदारीच त्याच्यावरून काढून घेतली होती. तो कायदा परक्या सरकारने स्वतःची सत्ता टिकवण्यासाठी केला असेल, त्याने सावकारी संपली नाही हेही खरं. पण जे तत्त्व दीडशे वर्षांपूर्वी सावकाराला लागू केलं गेलं, ते आज शिक्षणसंस्थेला लागू करायला आपण लाजतो, हे मला सहन होत नाही. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे लेखी निवेदन दिलं तेव्हा त्यांचं दुखणं हेच होतं की शिक्षणाचा पैसा रयतेच्या घामातून येतो आणि फळ मात्र वरच्यांच्या पदरात पडतं. आज आश्रमशाळेतून शिकलेली मुलगी विद्यापीठाच्या दारापर्यंत आली आहे. आता ती दारातल्या टेबलावर अडकते.

कायदा आज तिच्या बाजूने बऱ्यापैकी आहे, हे घोडेगावच्या प्रत्येक घरात माहीत असायला हवं. विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०१८ मध्ये उच्च शिक्षणसंस्थांना बजावलं आहे की प्रवेशाच्या वेळी मूळ प्रमाणपत्रं समक्ष तपासायची, विद्यार्थ्याने स्वतः साक्षांकित केलेल्या प्रती ठेवून घ्यायच्या आणि मूळ कागद तिथल्या तिथे परत करायचे. मूळ गुणपत्रक वर्षभर कपाटात ठेवून घेणं हा नियमाचाच भंग आहे, आणि हरवण्याची निम्मी प्रकरणं मुळात त्यातूनच जन्मतात असं माझं मत आहे. आयोगाने २०२३ मध्ये विद्यार्थी तक्रार निवारणाचे नियम केले. प्रत्येक संस्थेत समिती, तिने पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा, समाधान झालं नाही तर विद्यापीठाच्या लोकपालाकडे दाद मागायची. प्रमाणपत्रं अडवून ठेवणं ही त्या नियमांत स्पष्टपणे तक्रार मानली आहे. आपल्या कॉलेजात ही समिती आहे का, तिचे सदस्य कोण, हे विद्यार्थ्यांनी विचारावं. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करून आवक-जावक रजिस्टरच्या त्या दिवसाच्या पानाची प्रत मागता येते. तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे.

आणि उत्तर आलं की 'अभिलेख आढळून येत नाही', तर? तिथे बहुतेक लोक हात टेकतात. टेकू नयेत. २०१३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं आहे की कागद सापडत नाही ही माहिती नाकारण्याची कायदेशीर सबब नाही. त्याची चौकशी करायची आणि जबाबदारी निश्चित करायची. महाराष्ट्रात सार्वजनिक अभिलेखांचा २००५ चा कायदा आहे, अभिलेख बेकायदा नष्ट केल्यास त्यात तुरुंगवासाची तरतूद आहे, आणि २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने गहाळ झालेल्या शासकीय कागदपत्रांबद्दल गुन्हा नोंदवण्याचे आदेश दिले. त्याच वर्षी राज्यात लोकसेवा हक्क कायदा आला. अधिसूचित सेवा मुदतीत न देणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. कुणा कारकुनाला तुरुंगात धाडावं अशी माझी इच्छा नाही. हरवला हा शब्द उच्चारला की प्रकरण मिटत नाही, तिथून संस्थेची चौकशी सुरू होते, एवढं दोन्ही बाजूंच्या मनात ठसावं.

मोठ्या प्रमाणावर काय होतं ते मुंबई विद्यापीठाने २०१७ साली दाखवलं. लाखो उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचा निर्णय घाईने झाला, निकाल महिनोन्महिने लांबले. कायद्याने निकाल जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत लावायचे असतात. काही उत्तरपत्रिका सापडल्याच नाहीत आणि त्या विद्यार्थ्यांना सरासरीने गुण द्यावे लागले. कित्येकांचे पुढचे प्रवेश हुकले. २४ ऑक्टोबर २०१७ ला राज्यपालांनी कुलगुरू डॉ. संजय देशमुख यांना पदावरून दूर केलं. त्या विद्यापीठाच्या इतिहासात असं आधी कधी घडलं नव्हतं. ती कारवाई झाली कारण विद्यार्थी लाखोंत होते, शहर मुंबई होतं, वर्तमानपत्रं रोज लिहीत होती, मुलं कोर्टात गेली होती. जांभोरीच्या एका मुलीचा एक दाखला हरवतो तेव्हा कोणाचं पद जात नाही, कोणाला साधा खुलासाही द्यावा लागत नाही. तरी तिच्यासाठी नुकसान तेवढंच पूर्ण असतं. एक वर्ष म्हणजे एक वर्ष.

विलायतेतलं एक उदाहरण द्यावंसं वाटतं, कारण ते नेमकं याच दुखण्याचं आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅरिबियन बेटांवरून हजारो माणसं कायदेशीरपणे ब्रिटनमध्ये कामाला आली. त्यांच्या येण्याची नोंद असलेल्या जहाजाच्या चिठ्ठ्या गृहखात्याने २०१० साली नष्ट केल्या. पुढे त्याच खात्याने त्यांना विचारलं, तुम्ही इथे कधीपासून राहता याचा पुरावा द्या. नोकऱ्या गेल्या, उपचार नाकारले गेले, काहींना देशाबाहेर काढलं गेलं. २०१८ मध्ये याचा स्फोट झाला, पंतप्रधानांना माफी मागावी लागली, गृहमंत्री अंबर रड यांचा राजीनामा झाला. त्यानंतर सरकारने केलेली एक गोष्ट आपण उचलण्यासारखी आहे. या माणसांसाठी वेगळं पथक नेमलं आणि करखातं, शाळा अशा इतर दप्तरांतून पुरावे शोधण्यात अधिकाऱ्यांनी स्वतः हातभार लावायचा असं ठरलं. आपल्याकडे तर हे कितीतरी सोपं आहे. बारावीची गुणपत्रिका राज्य मंडळाकडे आहे, जातीचा दाखला महसूल खात्याकडे, वैधता प्रमाणपत्र समितीकडे. एका सरकारी संस्थेने दुसरीला पत्र लिहिलं तर मुलीला एसटीत बसावं लागणार नाही.

सगळं ऑनलाइन झालं आहे, आता कसला गठ्ठा, असं कोणी म्हणेल. डिजिलॉकर २०१५ पासून आहे, त्यातल्या प्रमाणपत्रांना मूळ कागदाइतकीच मान्यता आहे, आणि ज्या संस्था ती खुशाल स्वीकारतात तिथे मुलांचा त्रास खरोखर घटला आहे. पण घोडेगावच्या नेट कॅफेत दुपारी बसून बघा. मुलगा कागद स्कॅन करून भरतो, सर्व्हर अडकतो, पान गोल फिरत राहतं, कॅफेवाला म्हणतो "झालं बहुतेक". छापील पोच निघत नाही. नोंदलेला मोबाइल नंबर वडिलांचा असतो, त्याला डोंगरात रेंज नसते, ओटीपी आणि त्रुटीचा मेसेज दोन्ही हवेत विरतात. शिष्यवृत्तीचा अर्ज कॉलेजच्या लॉगिनला पडून राहतो आणि मुलाला वाटतं तो पुढे गेला. वर ऑनलाइन भरलेल्याच अर्जाची छापील प्रत सर्व कागदांसह पुन्हा जमा करा असं सांगतात. म्हणजे जुना गठ्ठा तसाच राहिला आणि त्यात संगणकाचा फेरा वाढला. यंत्र बदलून जबाबदारी आपोआप जागेवर येत नाही.

खिडकीच्या आत बसलेल्या माणसाबद्दलही बोललं पाहिजे. अनेक कॉलेजांत शिक्षकेतर जागा वर्षानुवर्षं रिकाम्या आहेत. दोघांचं काम एक जण करतो, तोही पुष्कळदा कंत्राटी, तुटपुंज्या पगारावर. जूनमध्ये त्याच्यासमोर शेकडो अर्ज पडतात आणि पाणी प्यायला उसंत नसते. त्याच्यावर ओरडून काही साधत नाही. पण ज्या प्राचार्यांना, संस्थाचालकांना आणि कुलसचिवांना नवी इमारत, नवा लोगो, नॅकचा समारंभ यांसाठी पैसा मिळतो, त्यांनी आवक टेबलावर दोन माणसं आणि एक रबरी शिक्का वाढवला नाही, तर तो दोष त्यांचा आहे. त्या कारकुनाच्या थकव्यामागे लपण्याचा त्यांना अधिकार नाही.

आणि आपण? कागद अडला की आपण पहिल्यांदा ओळखीचा माणूस शोधतो. पुढाऱ्याची चिठ्ठी, साहेबांचा फोन, 'आपल्यातलाच आहे जरा बघा'. काम होतं, आपण सुटकेचा श्वास टाकतो, आणि ज्याच्याकडे चिठ्ठी नाही तो रांगेत आणखी मागे ढकलला जातो. कार्यकर्त्यांनीही हे मनावर घ्यावं. एका पोराचं काम फोनवर करून दिल्याने आपलं वजन वाढतं, पण पद्धत तशीच राहते, आणि पुढच्या वर्षी त्या पोराचा धाकटा भाऊ पुन्हा आपल्याच दारात उभा असतो. अशा उपकारांतून माणूस मिंधा होतो, नागरिक होत नाही. शिक्षकांची गोष्ट त्याहून नाजूक. "पोच कशाला मागतोस, विश्वास नाही का आमच्यावर?" हे मी शिक्षकांच्या तोंडून ऐकलं आहे. त्यात पोराला गप्प करण्याची मोठी ताकद असते, कारण आपल्याकडे गुरूवर अविश्वास दाखवणं पाप मानलं जातं. बँकेचा मॅनेजर पैसे भरल्याची स्लिप देताना दुखावला जात नाही. ज्याचा व्यवहार स्वच्छ आहे त्याला पावतीची भीती कशाची?

या जूनमध्ये एवढं तरी करता येईल. प्रवेशाला जाणाऱ्या प्रत्येक मुलाने जोडलेल्या कागदांची यादी साध्या कागदावर दोन प्रतींत करावी: कागदाचं नाव, क्रमांक, मूळ की झेरॉक्स. एक प्रत आत द्यावी, दुसरीवर तारीख, शिक्का आणि सही घ्यावी. शिक्का देत नसतील तर तीच यादी स्पीड पोस्टाने कॉलेजच्या नावे पाठवून पावती जपून ठेवावी. आश्रमशाळांच्या मुख्याध्यापकांनी बारावीच्या मुलांना निरोप समारंभाच्या आधी ही यादी करायला शिकवावी, वर्गातच, प्रत्यक्ष. प्रकल्प कार्यालयाने आपल्या वसतिगृहांच्या नोटीस फलकावर आयोगाचा २०१८ चा नियम मराठीत लावावा. कॉलेजांनी जावक रजिस्टरमध्ये गठ्ठ्याऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याचं नाव लिहावं आणि विद्यापीठाने तो घेताना त्या नावांसमोर सही करावी. निकाल राखून ठेवण्याआधी विद्यार्थ्याला लेखी कळवावं आणि कागद संस्थेकडून हरवला असेल तर निकाल तात्पुरता लावून तपासणी मागाहून करावी.

प्रतिज्ञापत्राचा मजकूरही बदलायला हवा, आणि तो बदलायला कुठल्याही शासन निर्णयाची वाट बघायची गरज नाही. टायपिस्टने हा मजकूर एकदा टाइप करून ठेवावा: 'सदर दाखला मी अमुक तारखेस अमुक संस्थेच्या कार्यालयात जमा केला होता. तो त्या कार्यालयाच्या ताब्यात असताना गहाळ झाला आहे.' खाली त्या संस्थेच्या प्राचार्यांची सही असलेलं पत्र जोडावं, आणि दुसऱ्या प्रतीची फी संस्थेने भरावी. घोडेगावच्या वकिलांनी, निवृत्त शिक्षकांनी, पेन्शनर मंडळींनी आठवड्यातून एक सकाळ कचेरीच्या आवारात बसून मुलांना एवढंच लिहून द्यायचं ठरवलं, तर प्रवेशाच्या पहिल्या यादीपूर्वी सुरुवात करता येईल.